तेल लावलेला ब्रश

आमच्या पाट्यांच्या दुकानात मामांच्या ब्रशला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मामा म्हणजे आमचे मोठे पेंटर. नात्यानं ते माझे कुणी नव्हेत, पण त्यांना सगळेच मामा म्हणतात, मालकसुद्धा. अक्षरांच्या कडा ते काढायचे, आत रंग भरायची मी. एकदा मी त्यांचा बारीक ब्रश नुसता उचलून बघितला, तर म्हणाले, "तोफ, खाली ठेव. तो माझ्या हाताला वळलाय. तुझ्या हातात रुसेल." तोफ म्हणजे मी. माझा आवाज रस्त्यापलीकडच्या न्हाव्यालाही ऐकू जातो आणि माझं तोंड बंद कसं करायचं, हे अजून माझ्या नवऱ्यालाही जमलेलं नाही.

तोच ब्रश एका दुपारी मामांनी फडक्यात गुंडाळून माझ्या हातावर ठेवला.

"घे. आता हा तुझा."

मी हवेतच! इतकी वर्षं माझा त्याच्यावर डोळा होता. मालक आतून ओरडले, "अगं, चहा पाज सगळ्यांना!" तेही खुशीत होते, कारण सकाळीच मामांनी स्वतःचा रेडिओ त्यांना देऊन टाकला होता. मामी वारल्यापासून मामा पार मिटून गेले होते. डबा न उघडता परत न्यायचे, झोप लागत नाही म्हणायचे. आज मात्र चेहरा शांत होता. "चला, माणूस सावरला एकदाचा," मालक म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

मी फडकं सोडलं आणि बोटं बुळबुळीत झाली. ब्रशला तेल लावलेलं होतं.

आता आमच्याकडची पद्धत सांगायला हवी. रोजचा ब्रश आम्ही संध्याकाळी रॉकेलमध्ये धुतो, झटकतो आणि डब्यात उभा करतो. तेल लावायचं ते फक्त लांबच्या सुट्टीवर जाताना, केस कडक होऊ नयेत म्हणून. मला द्यायचा म्हणून लावलं असेल, असं मी मनाला समजावलं. मग मामांच्या ब्रशांच्या डब्यात डोकावले. त्यातला एकूण एक ब्रश तेल लावून बांधून ठेवला होता. सुट्टी तर त्यांनी मागितली नव्हती. समोर शाळेची पाटी अर्धवट पडली होती आणि अर्धी पाटी टाकून हा माणूस कधी चहालाही उठलेला नाही.

विचारलं आणि त्यांच्या मनात नसलेलं मीच भरवलं तर? पण विचारलंच नाही तर? मी स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले.

"मामा, उद्या येणार ना?"

ते पाटीकडे बघत राहिले.

"मामा, सरळ विचारते. जीव द्यायचं मनात आहे का?"

मग ते म्हणाले, "हो." आणि रडायला लागले. "थकलो गं. कुणाला सांगावं तेच कळत नव्हतं."

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. असं काय बोलता, होईल सगळं ठीक, इतरांकडे बघा. मी ते सगळं गिळलं. तोफेनं गप्प बसायचं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. मामा बोलत होते, रिकाम्या घराबद्दल, उजाडूच नये असं वाटणाऱ्या सकाळींबद्दल. मी नुसतं "हं" म्हणत होते, नाहीतर "मग?"

त्यांचं बोलणं थांबल्यावर मी म्हणाले, "आक्काला बोलावते." आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, मागच्याच गल्लीत राहते.

"तिला काही सांगायचं नाही. शपथ आहे तुला."

"ही शपथ मी नाही पाळायची. रागवा हवं तर. पण ही मी एकटीनं पेलायची गोष्ट नाही आणि तुम्ही एकट्यानं तर नाहीच नाही."

आक्का दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आली. ओरडली नाही, रडली नाही. भावाचा रंगानं माखलेला हात हातात घेऊन म्हणाली, "चल, आधी डॉक्टरांकडे. रडायचं ते वाटेत रडू."

आम्ही तिघं लगेच गेलो. डॉक्टरांनी मामांना तोच प्रश्न विचारला, ताप आहे का विचारावं इतक्या सरळपणे. मला म्हणाल्या, "विचारल्यानं मनात काही भरत नाही. उलट माणसाला बोलता येतं." मला तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

मग औषधं सुरू झाली, दर आठवड्याला बोलायला जाणं सुरू झालं. आक्का मामांकडे राहायला गेली. मालकांकडून रेडिओही तिनं परत नेला, वर बॅटरी संपवली म्हणून त्यांनाच झापलं. मामांनी माझ्याशी अबोला धरला. धरू देत. जिवंत माणसाचा अबोला होता, मला चालत होता. मधे काही दिवस फार वाईट गेले. पण तसं झालं की ते स्वतःच आक्काला सांगायचे, आणि हे नवीन होतं.

मग ते कामावर आले. पण कडा काढेनात. दुकानातला कुठलातरी ब्रश घेऊन माझ्या शेजारी रंग भरत बसायचे. मी म्हटलं, "तुमचा ब्रश माझ्याकडे आहे हं, ठेव म्हणून."

"तुला दिलाय तो," एवढंच म्हणाले. मला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

असंच चाललं होतं. आणि परवा मी शिडीवर असताना खालून आवाज आला, "तोफ! माझा ब्रश कुठंय?"

मी शिडीवरून उतरले की पडले, देव जाणे. खणातून ब्रश काढून दिला. मामांनी फडकं सोडलं आणि भडकलेच. "एवढं तेल? केस बघ कसे चिकटलेत! सांभाळता येत नाही तर..."

"तुम्हीच लावलंय ते!" मी तोंडावर म्हणाले आणि जीभ चावली.

मामांनी ब्रशकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते हसले. किती महिन्यांनी!

"हो," म्हणाले. "जरा जास्तच लावलं."

दिवसभर त्यांनी कडा काढल्या आणि मी रंग बाहेर गेला म्हणून बोलणी खाल्ली. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी बोलणी खाल्ली नव्हती. संध्याकाळी रंगाचे डबे बंद करता करता मी तिरप्या डोळ्यांनी बघत होते. मामांनी ब्रश रॉकेलमध्ये धुतला, झटकला आणि डब्यात उभा केला. तेलाच्या बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही.

"सकाळी लवकर ये," चपला घालत ते म्हणाले. "पाटी अर्धीच झालीय."