मागच्या रांगेतलं तुणतुणं

मी एक जुनं तुणतुणं आहे. हसू नका, मित्रांनो. माझं नाव निघालं की लोक हसतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. एखादा माणूस तेच तेच बोलायला लागला की तुम्ही म्हणता, "लावलं यानं आपलं तुणतुणं." अहो, पण तुणतुण्यानं दुसरं करावं तरी काय? मला तार एक आणि सूरही एकच. तो मी जन्मभर इमानानं वाजवला, आणि त्याचीच ही थट्टा. असो.

मला घडवलं इंदापूरच्या आबाजी सुतारांनी. सागवानाचा ठोकळा त्यांनी आतून कोरून पायलीसारखा पोकळ केला. तळाला बकऱ्याचं कातडं ताणून बसवलं, कडेला काठी ठोकली, काठीच्या डोक्याला खुंटी घातली आणि कातड्यापासून खुंटीपर्यंत एक तार ओढली. मग तार छेडून, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "बोलतंय." एवढंच माझं बारसं.

मला विकत घेतलं जळोचीच्या दत्तोबांनी. ते गेणबा शाहिरांच्या पार्टीत झीलकरी होते. झीलकरी म्हणजे शाहिराच्या मागं उभं राहून त्याची ओळ उचलून धरणारा माणूस. शाहीर दम घ्यायला थांबले की दत्तोबा आणि मी सूर धरून ठेवायचो, म्हणजे पोवाडा खाली पडायचा नाही. जत्रेत गायलो, बाजारतळावर गायलो, साखर कारखान्यात हंगामाची पहिली मोळी टाकायच्या दिवशीही गायलो. गेणबा म्हणायचे, "दत्तोबा, आधी तुणतुणं लावा, त्याबिगर माझं तोंड उघडत न्हाय." ऐकून माझी तार फुलायची. पण हार पडायचा तो शाहिरांच्या गळ्यात. जाहिरातीच्या कागदावर दत्तोबांचं नाव एकदाही छापलं नाही. माझं तर सोडूनच द्या.

पुढं शाहीर वारले आणि पार्टी मोडली. दत्तोबांनी मला भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. कोळ्यानं माझ्या पोटात संसार थाटला. मला वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

दत्तोबांची नात मोना बारामतीच्या शाळेत जाते. तिथं दिपाली मॅडमनी मुलामुलींचा समूहगानाचा संच बसवला आहे. त्याला ते कॉयर म्हणतात. या संचाला ऑस्ट्रिया देशातून गायचं बोलावणं आलं, आणि घरात आनंदीआनंद झाला. दत्तोबा दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "आमची मोना विमानानं गाया निघालीय." मग एक दिवस त्यांनी विचारलं, "तू गाणार काय, ते तरी दाखव."

मोना म्हणाली, "आबा, पाटाला पाणी सुटल्याचं गाणं हाय. मॅडमनीच बांधलंय. बाकीचे चाल गातात. मी मागच्या रांगेत उभी राहून खालचा सा धरते. शेवटपर्यंत तेवढाच."

"म्हंजी झील?"

"तसंच."

दत्तोबांचा चेहरा उतरला. "मी जल्मभर मागं उभा ऱ्हायलो. आता तूबी मागंच? आन् त्यासाठी परदेशात जायाचं?" असं म्हणून ते उठून गोठ्याकडं गेले. मोना डोळे पुसत बसली. आबांनी आपलं गाणं ऐकावं, 'चांगलं झालं' एवढंच म्हणावं, याहून तिला दुसरं काही नको होतं.

निघायच्या सकाळी मात्र दत्तोबांनी मला खिळ्यावरून काढलं, कोळ्याचं बिऱ्हाड झाडलं, नवी तार घातली आणि पंच्यात गुंडाळून मोनाच्या हातात दिलं. "मागंच उभं ऱ्हायाचंय, तर ह्याला संगं ने. तू दम घेशील तवा ह्यो सूर धरंल. गारठ्यानं कातडं सैल पडलं तर शेक दे." बोलणं घुश्शातच होतं. पण पंच्याची गाठ त्यांनी दोनदा तपासली, ती मी पाहिली.

विमानतळावर एका बाईंनी मला यंत्रातून फिरवून फिरवून पाहिलं. त्यांना मी काय आहे ते कळेना. मोनानं तार छेडून दाखवली, तेव्हा त्या हसल्या आणि मला सोडलं. दिपाली मॅडमनाही मी आवडलो. सराव करताना मोनाच्या हातात मी वाजायचो आणि सगळ्यांचे आवाज आमच्याभोवती फिरायचे.

ऑस्ट्रियात सतत पाऊस होता. त्या ओलीनं माझं कातडं सैल पडलं आणि आवाज सादळलेल्या पापडासारखा झाला. कार्यक्रमाच्या सकाळी मोनाला आबांचं बोलणं आठवलं. खोलीत भिंतीला लोखंडी हिटर होता. तिनं मला त्यावर ठेवलं आणि ती नाश्त्याला गेली. दत्तोबा मला चुलीपासून लांब धरून, हातात फिरवत फिरवत शेकायचे. पण किती लांबून, ते सांगायचं राहून गेलं होतं. त्यांच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती. हिटरवर माझं कातडं ताणत गेलं, ताणत गेलं आणि मधोमध टरकन फाटलं.

मोना परत आली आणि मला मांडीवर घेऊन रडली. "आबा आता माझ्याशी बोलणारच न्हाईत," ती म्हणाली.

मॅडम तिच्याजवळ बसल्या. "तो सा नसला तर बाकीचे घसरतील, मोना. एकटी धरशील? नाहीतर हे गाणं आपण वगळू."

मोनानं मला मांडीवरून उचलून शेजारी ठेवलं. मग म्हणाली, "वगळू नका. मी धरते."

दुपारी एका उंच छताच्या सभागृहात गाणं सुरू झालं. मोनानं मला शेजारी खुर्चीवर ठेवलं होतं. मी मुका. तिनं सा लावला. आधी थोडा थरथरला, मग स्थिर झाला. इतरांचे आवाज चढले, पसरले. तिला दम कधी घेता येणार, या काळजीनं माझा जीव टांगणीला लागला. पण इतरांची ओळ फिरून तिच्या 'सा'वर येऊन टेकली की ती तेवढ्यात श्वास चोरायची आणि पुन्हा जागेवर. सूर कुठंही तुटला नाही. मला अभिमान वाटला, आणि खरं सांगतो, थोडा हेवाही वाटला.

हॉटेलवर गेल्यावर तिनं घाबरत घाबरत घरी फोन लावला. "आबा, तुमचं तुणतुणं—"

"फाटलं न्हवं? मला पहिल्याच ओळीला कळलं. त्याचा आवाज मी झोपंतबी वळखतो."

"चुकलं माझं. हिटरवर ठेवलं."

"आगं, कातडं नवं बसवू. तू ऐक. मॅडमनी धाडलेलं समदं गाणं तुझ्या बापानं फोनवर दावलं. पुढची पोरं वर जात हुती, खाली येत हुती, आन् दर बारीला तुझ्यापाशी येऊन टेकत हुती." मग दत्तोबा हळूच म्हणाले, "लई चांगलं झालं, पोरी. जल्मभर मला वाटलं, मागं उभं ऱ्हाऊन मी फुकट गेलो. आज कळलं, मी तितं काय करत हुतो."

मोनानं मला उचलून पुन्हा मांडीवर घेतलं. तिनं फोन तसाच कानाला धरून ठेवला.

आता माझं कातडं नवं झालं आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूला शेक द्यायचा तर जवळ बसून द्या, ही माझी एक विनंती. आणि दुसरी अशी, की गाणं संपल्यावर पुढच्या माणसाला टाळ्या जरूर द्या; पण मागं उभ्या असलेल्या माणसालाही, त्याला ऐकू येतंय तोवर, सांगा की तुमच्यामुळं हे उभं राहिलं. दत्तोबांना हे कळायला म्हातारपण यावं लागलं. तेही कुणी सांगितलं नाही, त्यांचं त्यांनाच कळलं.