गाळलेला स्वर

आमच्या संसारात मला एक सवत आहे. जन्माने रशियन, वयाने माझ्या पणजीएवढी. ती एक सिंफनी आहे. आमचे हे लग्नाआधीपासूनच तिच्या नादी लागलेले. सवतीशी भांडून आजवर कुणाचं भलं झालंय? म्हणून मी मुकाट्याने तिच्या तबकड्या पुसत आले.

ह्यांचं कामच रेकॉर्डिंगं ऐकण्याचं. एकच सिंफनी अनेक वाद्यवृंदांनी वाजवलेली असते. त्यातलं कोणतं खरं आणि कोणतं नुसतंच गोड, ते हे एका साप्ताहिकात लिहितात. म्हणजे हे सांगतात आणि मी टाइप करते. त्यांच्या खोलीत दोन स्पीकर आणि मधोमध एक खुर्ची. खुर्चीच्या चारी पायांशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा. केर काढताना ती बोटभर जरी सरकली, तरी दिवसभर तोंड फुगलेलं. घरघर नको म्हणून ऐकताना फ्रिज बंद करायचा, आणि मग दूध नासलं की दोष दुधाचा.

त्यांचं म्हणणं असं, की जुन्या रशियन वाद्यवृंदाचे हॉर्न थरथरायचे, ट्रम्पेट घसा फाडून ओरडायचे, आणि तोच त्या संगीताचा खरा आवाज. हल्लीचे वाद्यवृंद सगळे एका माळेचे मणी. डोळे मिटले तर कोण कुठला ते कळायचं नाही. अलीकडे त्यात भर पडली होती. रेकॉर्डिंग जितकं गडद आणि जड, तितकं ते खरं, असं ते लिहू लागले होते. वाचकांनाही ते पटायचं. चहाची किटली शिट्या मारमारून कोरडी पडली तरी हे शेजारीच पेपर वाचत बसलेले असायचे. मला ती तंद्री वाटायची. तसं वाटून घेणं सोयीचंही होतं.

आमची मुलगी व्हायोलिन वाजवते. यंदा तिच्या वाद्यवृंदाने हीच सिंफनी रेकॉर्ड केली, आणि पहिल्या खुर्चीवर, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या म्होरक्याच्या जागी, ती होती. सिंफनीचा शेवट असा आहे, की एकेक वाद्य गप्प होत जातं आणि उरतो पहिल्या खुर्चीवरच्या एकट्या व्हायोलिनचा एक स्वर. फार उंच, फार हलका. मग तोही विरतो.

"घरचं माणूस म्हणून सूट मिळणार नाही," असं बजावून ह्यांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. मग मला टाइप करायला बसवलं.

"लिही. बाकी सगळं जमलं, पण शेवटचा स्वर गाळला आहे. जिथे जीव ओतायचा तिथेच या मंडळींनी हात आखडता घेतला."

माझी बोटं थांबली. मी दारात उभी राहून ऐकलं होतं. स्वर होता. लख्ख होता.

"अहो, पुन्हा एकदा ऐका ना."

"ऐकलं पुन्हा. नाही म्हणजे नाही."

तेव्हा मला ती किटली आठवली. तिची शिटीही अशीच उंच. दुसऱ्या दिवशी लेख जायचा होता. छापून आला असता तर लोक हसले असते. कानांवर जगलेला माणूस, आणि त्याला पोटच्या पोरीचा स्वर ऐकू येत नाही! मी मुलीला फोन केला. "बाबांचे कान गेलेत गं. तू ये आणि सांग, चुकीची प्रत आली, सुधारून पाठवतो. काहीही सांग, पण लेख थांबव. आणि त्यांना कळू देऊ नकोस."

ती आली आणि पढवल्याप्रमाणे बोललीही. पण पोरगी बापाच्या वळणावर गेलेली.

"थापा मारू नकोस," हे म्हणाले. "गाळलात तर गाळला म्हणा."

"गाळला?" तिचा तोल गेला. "बाबा, त्या एका स्वरापायी माझी मान आखडलीय!"

"मग कुठाय तो? थांब, खरा कसा असतो ते दाखवतो." त्यांनी जुनी रशियन तबकडी लावली, खुर्चीत बसले आणि डोळे मिटले.

एकेक वाद्य थांबत गेलं. व्हायोलिनची पाळी यायच्या आत मुलगी वाकली आणि तिने अलगद सुई उचलली. खोलीत कसलाच आवाज उरला नाही.

ह्यांनी बोट वर केलं. "हा! ऐकलास? कसा धरलाय बघ. सोडतच नाही."

इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासाठी कधी पाहिला नव्हता. मी मुलीला हातानेच खुणावलं, ठेव, सुई खाली ठेव. पण तिचे डोळे भरून आले होते आणि हात हलेना. तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले.

ते तिच्या हाताकडे बघत राहिले. बोट अजून वरच होतं. ते त्यांनी हळूच मांडीवर ठेवलं.

"कधी उचललीस?"

"स्वराच्या आधी."

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याहून जास्त राग माझाच आला. ही वेळ तिच्यावर मीच आणली होती.

"तू ऐकलास?" त्यांनी मला विचारलं. "हिच्या रेकॉर्डिंगमधला?"

"ऐकला."

"कसा आहे?"

आयुष्यभर त्यांचे शब्द टाइप केले, पण आवाजाबद्दल बोलायला माझ्यापाशी स्वतःचा एक शब्द नव्हता. "चांगला आहे हो," एवढंच मी म्हणाले.

"म्हणजे ते गडद, जड वगैरे... माझे कानच..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. मग म्हणाले, "साप्ताहिकाला कळव. हा लेख नाही म्हणावं. यापुढचेही नाहीत."

मुलगी धावत बाहेर गेली आणि व्हायोलिन घेऊन आली. त्यांच्या पायाशी बसून तिने ते खांद्याला लावलं. "बाबा, मी इथेच वाजवते. अगदी तुमच्या कानाशी. येईल ऐकू."

ह्यांनी तिचा गज धरलेला हात धरून ठेवला.

"नको बाळा. तू तो स्वर गाळत नाहीस हे आता मला ठाऊक झालंय. तू वाजवशील आणि मला तो ऐकू येईल. पण तो तुझा नसेल गं. तो या तबकडीतला असेल."