गोडी नव्हती

ताईने कागदावर गोल काढला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"आता यात घड्याळाचे आकडे भरा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

साठीची ताई त्या गोलाकडे नुसती पाहत राहिली. शेजारी तिची आई काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. ऐंशी उलटली, पण पाठ अजून शिंप्याच्या पट्टीसारखी सरळ.

"बरं, मघाशी तीन शब्द सांगितले होते. आठवतात?"

"खुर्ची, नदी, चावी," आई म्हणाली.

"आजी, तुम्हाला नाही विचारलं."

"मग विचारा की. माझं डोकं कुठं झिजलंय?"

ताई हसली. आईच्या स्वेटरचं लोंबतं बटण तिने बोटांनी चाचपून पाहिलं. घरच्या शिवणाच्या दुकानात सारा जन्म काजं-बटणं करण्यात गेला होता. बोटं काही विसरत नव्हती. विसरत होती ती. मागच्या आठवड्यात दुकानातून घरी येताना भलत्याच गल्लीत शिरली. "थकलीय पोर, उगाच बाऊ करू नका," आईने धाकट्या मुलांना ठणकावलं होतं. इथंही तेच सांगायचं, असं आई ठरवूनच आली होती.

"यांचं शिक्षण?"

"तिसरी. पुढं तिलाच गोडी नव्हती."

हे वाक्य आईने आल्यागेल्यापुढे आयुष्यभर वापरलं होतं. आणि दरवेळी, तोंडात सुई धरलेली असली तरी, ताई ते उलटवायची: "गोडी नव्हती, की धाकट्यांना शिकवायचं म्हणून काजं करायला माझे हात हवे होते?" मग घरात अबोला. आईने सवयीने हनुवटी वर केली आणि वाट पाहिली.

"हो," ताई म्हणाली. "मलाच गोडी नव्हती."

आईच्या हातातली काठी सरकली.

"शिक्षण कमी असलं की या चाचणीत गुण कमी पडतातच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नुसत्या गुणांवरून मी काही ठरवणार नाही. घरात तुम्हाला काही फरक जाणवला का?"

'थकलीय' हा शब्द आईच्या ओठांवर तयार होता. तो तिने गिळला.

"जाणवला."

"कधी?"

"आत्ता."

मग ती लेकीकडे वळली.

"ताई, नीट ऐक. म्हटलं, तुलाच गोडी नव्हती."

"हो गं आई," ताई तिच्या हातावर थोपटत म्हणाली. "किती वेळा सांगशील?"