चौऱ्याऐंशीची रेघ

ऑफिसात तिला सगळे भाचीच म्हणत. मामाने लावून दिलेली नोकरी, बसायला मामाचीच खुर्ची, आणि मामा गेल्यावर त्याचं सॉफ्टवेअरही हिच्याच गळ्यात पडलेलं. मग दुसरं काय म्हणणार? सॉफ्टवेअरचं काम एवढंच, की प्रेस शॉपमध्ये पत्रे ठोकणाऱ्या मशिनांचा आवाज माइकने टिपायचा आणि डेसिबलमध्ये नोंदवायचा. मर्यादा पंच्याऐंशीची. मामाच्या आलेखात रेघ कायम चौऱ्याऐंशीला, पाटासारखी सपाट. बाहेरून तपासणीला कोणी आलं की साहेब ती कौतुकाने दाखवायचे. "याला म्हणतात शिस्तीचं शॉप!"

जुना कॉम्प्युटर एकदाचा बंद पडला आणि नव्यावर मामाचा ड्रायव्हर काही केल्या चालेना. ड्रायव्हर म्हणजे माइकची पेटी आणि कॉम्प्युटर यांच्यामधला दुभाष्या. नवा बसवायचं भाचीवर आलं. मामाचा कोड म्हणजे सगळा आनंदीआनंद. कुठली ओळ कुठे जाते ते त्यालाच ठाऊक, आणि तो तर सुटला. तरी मान मोडून तिने नवा ड्रायव्हर जोडला, मामाची सगळी मापं जशीच्या तशी ठेवली आणि सुरू केलं. प्रेसच्या पहिल्याच ठोक्याला नव्या ड्रायव्हरने हात वर केले. 'आवाज मापाबाहेर', एवढं स्क्रीनवर आलं आणि सगळं बंद.

"जुनं बरं चाललं होतं की," साहेब म्हणाले. "तुझ्या मामाने कधी असली कटकट दिली नाही."

तिलाही वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. चौऱ्याण्णव डेसिबलचा ठरलेला आवाज काढणारी तपासणीची डबी असते. ती घेऊन ती शॉपमध्ये गेली आणि माइकवर बसवली. पुन्हा तेच, मापाबाहेर. तिने मामाचं माप वाढवलं. आता बरोबर चौऱ्याण्णव आले. डबी काढली, प्रेस चालू करायला सांगितली. एकशे तीन.

चौऱ्याऐंशी हा आवाज नव्हताच मुळी! मामाने लावलेलं मापच तिथे संपत होतं. त्याच्या वरचं काहीही आलं की जुना ड्रायव्हर मुकाट्याने चौऱ्याऐंशी लिहून मोकळा व्हायचा. नवा तेवढा कोडगा नाही, तो अडून बसतो. आणि एवढी शहाणी माणसं इतकी वर्षं त्या रेघेला शिस्त म्हणत होती! कधी एकच प्रेस चालतेय, कधी सगळ्या, आणि रेघ जागची हलत नाही, हे एकाच्याही डोळ्यांत खुपू नये? तिच्या तरी कुठे खुपलं होतं?

त्याच प्रेसवर तिच्या बाबांची उभी हयात गेली होती. कान गेले तेव्हा त्यांनी कंपनीकडे दाद मागितली. चौऱ्याऐंशीने कुणाचे कान जात नाहीत, हे वयोमान आहे, असं म्हणून त्यांना परत पाठवलं. रेघ दाखवायला मामाच उभा होता. सख्खा मेहुणा!

साहेबांनी एकशे तीनचा आकडा पाहिला आणि आधी केबिनचं दार लावून घेतलं.

"एक ओळ टाक. चौऱ्याऐंशीच्या वर गेलं की चौऱ्याऐंशीच लिहायचे. विषय संपला."

"साहेब, अजूनही माणसं उभी आहेत तिथे."

"उभी आहेत आणि पगार घेताहेत. तूही घेतेस. उद्या तपासणी आहे. दहाच्या आत ओळ पडली नाही तर ती खुर्ची मी दुसऱ्या कुणालातरी देईन."

ती घरी आली तेव्हा बाबा आवाज बंद करून टीव्ही बघत होते. आवाज वाढवला की घरातले चिडायचे, म्हणून त्यांनी तो सोडूनच दिला होता. मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा फोटो तिने त्यांच्यापुढे धरला आणि काय सापडलं ते ओरडून ओरडून सांगितलं. वाटलं होतं, म्हाताऱ्याच्या जिवाला तेवढंच बरं वाटेल.

"एकशे तीन," बाबांनी वाचलं. "मग? यात नवीन काय? मी तिथे उभा होतो."

"पण बाबा, आता पुरावा आहे ना!"

"आणि मी सांगत होतो तो काय होता?" ते चिडले नव्हते, म्हणून तिला जास्तच लागलं. "मामाचं सोड. तो साहेबांचा माणूस. तू काय म्हणाली होतीस, आठवतंय? 'मशीन कशाला खोटं बोलेल, बाबा?' ते मात्र मला नीट ऐकू आलं होतं."

तिला रडू आवरेना. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, थोपटलं, आणि ती शांत झाल्यावर विचारलं, "मग उद्या काय लिहिणार आहेस?"

"साहेब म्हणतात, एक ओळ टाक, जुनाच आकडा येऊ दे," ती फरशीकडे बघत पुटपुटली. "नाही म्हटलं तर नोकरी जाईल, बाबा."

बाबांनी कानामागे हात धरला.

"ऐकू नाही आलं, बाळ. वर बघ आणि मोठ्याने सांग."

तिने वर बघितलं. तेच वाक्य मोठ्याने काही तिला बोलवेना.