छापील आकडा

हेमाताईंना जाऊन सव्वीस दिवस झाले होते आणि अनंतरावांना अजून रडू आलं नव्हतं. शनिवार पेठेत अशा गोष्टींची नोंद ठेवणारे लोक असतात, त्यांनी ती ठेवली होतीच. अनंतरावांना वाईट वाटत नव्हतं आणि बरंही वाटत नव्हतं. भूल उतरायच्या आधी दाढ जशी बधिर असते तसे ते घरभर वावरत.

आत अडकून बसलेली गोष्ट एकच. हेमाताईंचं पोट दुखायला लागलं त्या दिवशी इस्पितळात एक फॉर्म भरायला दिला होता. त्या स्वतः बाकावर वाकून बसल्या होत्या, म्हणून फॉर्म अनंतरावांनी भरला. दुखणं दहापैकी किती, या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात पाच लिहिलं होतं. सहा किंवा त्याच्या वर असेल त्याला लगेच डॉक्टरांकडे आत पाठवत, बाकीच्यांना पुढची तारीख. यांना नऊ दिवसांनंतरची मिळाली. सातव्या दिवशी आतडं फुटलं.

मुलगी श्यामला बंगळुरूला असते. तिचं म्हणणं, आईनं त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं की मी सहा म्हणाले. अनंतरावांनी शांतपणे उत्तर दिलं होतं, "तिनं पाच सांगितलं, मी पाच लिहिलं." त्यांना खरोखरच तसं आठवत होतं. तेव्हापासून श्यामलाचे फोन जेवलात का, गोळी घेतलीत का, एवढ्यावर आटोपत.

अशात लोणी काळभोरचा जयसिंग दारात आला. हायवेलगतची जमीन विकून त्यानं परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार घेतली होती, लाल आणि बसायला अत्यंत गैरसोयीची. त्याचा चुलतभाऊ संभाजी पूर्वी अनंतरावांच्या हाताखाली नोकरीला होता. या संभाजीनं एका साखरपुड्यात चारचौघांत त्याला चिडवलं होतं, की तुझी गाडी कागदावर तीनशे सत्तर हॉर्सपॉवरची, माझी चारशेची. जयसिंगचं म्हणणं असं, की कंपनी आकडा मुद्दाम कमी छापते. अनंतसाहेब मोजून सही करतील तरच मानीन, असं संभाजीनं सांगितलं होतं. अनंतरावांनी चौतीस वर्षं एका मोटार कंपनीत इंजिनांची ताकद मोजली होती, त्यामुळे त्यांच्या सहीला अजून किंमत होती. ते हो म्हणाले, कारण नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

फुरसुंगीच्या एका शेडमध्ये जमिनीत रोलर बसवलेले होते. गाडी त्यावर चढवली, साखळदंडांनी बांधली आणि जागच्या जागी पळवली. पत्रे थरथरले. जयसिंगनं कानांवर हात ठेवले, अनंतरावांनी ठेवले नाहीत. तीनदा पळवून झाल्यावर पडद्यावर सरासरी आली, तीनशे बावन्न.

जयसिंगचा चेहरा पडला. "मंजी छापल्यापरीस कमीच हाय की, साहेब."

अनंतरावांनी त्याला समजावलं. कंपनी छापते ती इंजिनाची ताकद. चाकापर्यंत येताना गिअर आणि दांडे त्यातला आठवा हिस्सा तरी खातात. चाकाला तीनशे बावन्न म्हणजे इंजिनाला चारशेच्या वर. कंपनीनं तीसेक घोडे लपवलेच आहेत.

"मग कंपनी खोटं बोलती?"

"खोटं नाही. कमी बोलते," अनंतराव म्हणाले. शंभर इंजिनांतल्या सगळ्यात कुचकामी इंजिनालाही गाठता येईल असाच आकडा छापायचा असतो. जास्त निघालं तर कुणी तक्रार घेऊन येत नाही, कमी निघालं तर येतात. त्यांच्या विभागाची तर रीतच होती, काटा दोन आकड्यांच्या मध्ये हलत असेल तर खालचा लिहायचा. ते साहेब झाल्यावर नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवीत.

जयसिंग खुशीत आला आणि त्यानं कागद पुढे केला. अनंतरावांनी खिशातलं पेन काढलं, तारीख घातली, गाडीचा नंबर घातला, चाकाची ताकद लिहिली आणि सही केली. जयसिंगनं कागद उलटसुलट करून पाहिला.

"साहेब, मशीन तीनशे बावन्न म्हनतंय. तुमी तीनशे पन्नास का लिवलं?"

अनंतरावांनी कागद हातात घेतला. तीनशे पन्नास. अक्षर त्यांचंच. लिहिताना मनात कसलाही विचार आला नव्हता, हात आपला आपण खाली उतरला होता. आणि मग इस्पितळातला तो बाक आठवला. हेमाताई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या होत्या, "सहा लिहा. साडेपाच, सहा." काटा दोन आकड्यांच्या मध्ये हलत होता.

त्यांनी तीनशे पन्नास खोडलं, वर तीनशे बावन्न लिहिलं, पुन्हा सही केली. जयसिंगनं आभार मानले, घरी सोडतो म्हणाला. जरा थांब, असं सांगून ते बाहेर उन्हात गेले आणि श्यामलाला फोन लावला. भर दुपारी बाबांचा फोन म्हटल्यावर ती घाबरली.

"ती सहा म्हणाली होती," अनंतराव म्हणाले. "पाच मी लिहिलं."

हायवेवरून ट्रक जात राहिले. तिनं ओरडावं अशी त्यांना फार इच्छा झाली. महिन्याभरात झालेली ती पहिली इच्छा.

श्यामला ओरडली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, आई जन्मभर सगळंच कमी करून सांगायची. ती सहा म्हणाली, म्हणजे खरं किती असेल हो?"

चाकावरून इंजिनाचा आकडा काढायला त्यांना कधी कागद लागला नव्हता. हाही आकडा त्यांनी उभ्या उभ्या मनातच काढला.