मास्तरांचा उजवा बूट

मास्तरांनी पुन्हा ब्रेक दाबला. पायाखाली पेडल नव्हते; होती ती वळणावरच्या फुटपाथची कड आणि तिच्यावर घट्ट रोवलेला त्यांचा उजवा बूट. एक सायकल भरधाव आली, वळणावर कलली आणि सुखरूप निघून गेली, तेव्हा कुठे त्या पायाचा जोर सैल झाला.

“बाबा, त्या आई नव्हत्या,” जावई म्हणाला.

“दिसलं मला.”

“मग ब्रेक कोणासाठी?”

ज्याने उभे आयुष्य ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात घालवले, त्याला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचे, स्टिअरिंग त्याच्या हाती सोपवायचे आणि आपल्या पायाशी बसवलेल्या जादा ब्रेकवर बूट तयार ठेवायचा, हा त्यांचा धंदा. त्या पायाला मग कुठेच स्वस्थता नसे. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की मास्तरांच्या खुर्चीपुढची चटई गोळा होऊन जायची. नातेवाइकांच्या गाडीतून प्रवास केला, तर उतरताना चालवणाऱ्यापेक्षा तेच जास्त दमलेले असत.

आज तर प्रश्न घरातल्याच माणसाचा होता. त्यांच्या बायकोला, स्कूलचे ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंना, सगळे शिकाऊ काकू म्हणत. पन्नाशी ओलांडलेल्या या काकू पहाटे तळे पोहून आल्या होत्या, आता सायकलवर होत्या, आणि सायकल संपली की पुरी मॅरेथॉन पळणार होत्या. सगळे एकाच दिवसात, रात्री शर्यतीची शेवटची कमान बंद व्हायच्या आत. मास्तर सकाळपासून हे भेटेल त्याला ऐकवत होते. वळणावरच्या वाहतूक पोलिसाला सांगून झाले, केळी सोलून ठेवणाऱ्या मुलीला सांगून झाले, आणि कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका म्हाताऱ्याने तर ते जाता-येता दोन्ही वेळा ऐकून घेतले.

“पोहून झालं, सायकल चाललीय, मग पळणार,” मास्तर सांगत. “आमच्याच घरातलं माणूस.”

असे सांगताना अंगावर मूठभर मांस चढे, आणि त्याच वेळी उजवा बूट कडेवर जास्तच दाबला जाई.

या धास्तीचे कारण गेल्या वर्षीचे. तेव्हा पहिल्यांदाच उतरलेल्या काकूंनी सायकलवर पुढे दिसेल त्याला गाठायचे असा सपाटा लावला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांनीही वाजवल्या, आणि पळायच्या टप्प्यात, शेवटच्या पुलाच्या अलीकडे, काकू रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. आयोजकांच्या व्हॅनमधून त्या परत आल्या. उतरताना त्यांनी कोणाचा हात धरला नाही. घरी येऊन बूट धुतले, वाळत घातले आणि त्या दिवसाविषयी अवाक्षर काढले नाही. पुढच्या आठवड्यात मात्र पोहण्याची पिशवी घेऊन पुन्हा घराबाहेर पडल्या.

तेव्हा मास्तरांनी सूत्रे हाती घेतली. स्कूलच्या फळ्यावरची रस्त्याची चिन्हे पुसून त्यांनी तिथे सगळी शर्यत काढली: तळे, वळणे, चढ, पूल. सायकलच्या प्रत्येक टप्प्यापुढे वेग लिहिला. शिकाऊंच्या बाकावर काकू हाताची घडी घालून बसल्या होत्या.

“सायकलवर तोंडातून अख्खं वाक्य निघालं पाहिजे,” मास्तर म्हणाले. “शब्द तुटायला लागले की समज, जास्त होतंय. पळताना पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी चालायचं. दमलीस म्हणून नाही, दमू नयेस म्हणून.”

“आणि जोर कधी लावायचा?”

“शेवटच्या पुलाच्या पुढे. तेही पुलावर मी सांगेन तेव्हा.”

“आखणी तुमची, पाय माझे,” काकू म्हणाल्या. “ठरलं.”

स्पर्धेचा नियम कडक होता. घरच्यांनी सोबत पळायचे नाही, हातात काही द्यायचे नाही. म्हणून मास्तरांनी एक खूण ठरवली, जी ते प्रत्येक शिकाऊकडून घोटून घेत: हात बाजूला लांब करायचा आणि पंजा सावकाश खाली-वर हलवायचा. वेग कमी करा.

“आल्या,” जावई म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. लांबचे त्याला सगळ्यांच्या आधी दिसे.

काकू वळणाकडे येत होत्या, आणि त्या भलत्याच वेगाने येत होत्या. फळ्यावर लिहिलेल्या आकड्याशी त्या वेगाचा काही संबंध नव्हता. मास्तरांनी हात लांब केला आणि पंजा खाली-वर हलवला. काकूंनी त्यांच्याकडे पाहिले.

“अहो, टोपी घाला, नाहीतर संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून बसाल,” असे म्हणून त्या निघूनही गेल्या.

मास्तरांनी टोपी घातली. पाय फुटपाथच्या कडेत रुतला होता.

पुढच्या फेरीतही तेच. मास्तरांचा हात पंख्यासारखा हलत होता आणि काकू वाऱ्यासारख्या आल्या.

“अहो, जावईबापूंनाही काहीतरी खाऊ घाला, तुमच्या नादात बिचारे सकाळपासून उपाशी उभे आहेत,” जावयाकडे बघून त्या म्हणाल्या आणि वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या.

“ऐकत नाही ती,” मास्तर म्हणाले. “गेल्या वर्षीचंच चाललंय.”

“पण बाबा, केवढं लांब बोलल्या त्या. एका दमात.”

“म्हणजे?”

“अख्खं वाक्य. तुम्हीच सांगितलं होतंत ना?”

मास्तर काही बोलणार, तोच त्यांची टोपी उडाली. ती रस्त्यावर पडली, काठावर उभी राहिली आणि काकू ज्या दिशेने गेल्या होत्या त्याच दिशेने चाकासारखी गडगडत निघाली. पोलिसाने ती बुटाखाली अडवली नसती तर ती बरीच लांब गेली असती. टोपी झटकून घेताना मास्तरांनी मान वर केली. वळणावरचे सगळे झेंडे त्याच दिशेला फडफडत होते.

“परतीच्या बाजूला किती वेग आहे तिचा?” त्यांनी विचारले.

जावयाने फोनवर शर्यतीचे आकडे पाहिले. “तिकडे हळू आहेत. तुमच्या आकड्यापेक्षाही हळू. पूर्ण फेरीची बेरीज बरोबर जमतेय.”

मास्तर टोपी हातात घेऊन तसेच उभे राहिले. फळ्यावर वारा नव्हता. मोटारीतल्या माणसाला वारा काच खाली केल्यावरच आठवतो; त्यांनी आपले वेगाचे काटे लिहून ठेवले होते. काकूंनी काटा सोडला आणि दम धरला. वारा पाठीशी असताना सायकलला जाऊ दिले, वारा समोरून आला तेव्हा कोण पुढे जातो याची पर्वा न करता मान खाली घालून सोसले. मास्तरांची आखणी त्यांनी मोडली नव्हती. ती त्यांना मास्तरांपेक्षा जास्त समजली होती.

हे मनात आले आणि त्याच्या मागोमाग मास्तरांना एक जुना चौक आठवला. लग्नानंतर काही वर्षांनी काकू गाडी शिकायला बसल्या होत्या. हात चांगला होता, नजर त्याहून चांगली. चौकात डावीकडून एक ट्रक येत होता. काकूंनी तो पाहिला होता, गाडी थांबवायला पायही उचलला होता. पण मास्तरांचा बूट आधी पडला. गाडी आचके देऊन चौकाच्या मधोमध बंद पडली आणि चारी बाजूंनी हॉर्न सुरू झाले. काकूंनी गाडी पुन्हा सुरू केली, नीट कडेला घेतली, किल्ली मास्तरांच्या हातात ठेवली आणि भाजीची पिशवी घेऊन चालत घरी गेल्या. चालकाच्या सीटवर त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत.

ऑफिस मात्र त्यांनीच सांभाळले. घाबरलेल्या नवख्यांना धीरही त्याच देत. “घाबरू नका हो,” त्या सांगत. “ज्या दिवशी मास्तर उजवा बूट काढून मागच्या सीटवर ठेवतील, त्या दिवशी समजा, तुम्ही पास.” ते खरेच होते. परीक्षेआधीच्या शेवटच्या धड्याला मास्तर बूट काढून ठेवत, मोह नको म्हणून. शिकाऊ माणूस तो बूट आरशात बघे आणि त्याची पाठ आपोआप ताठ होई. बायकोसाठी तो बूट कधी निघाला नव्हता. तिने तसे कधी बोलून दाखवले नव्हते, त्यांनीही नाही.

सायकल संपली. ऊन उतरले, तळ्याकाठचा रस्ता पळणाऱ्यांनी भरला आणि हळूहळू विरळ होऊ लागला. मास्तर आणि जावई शेवटच्या पुलापाशी येऊन उभे राहिले. काकू फेरीमागून फेरी येत होत्या. टेबलापाशी चालायच्या, दोन घोट घ्यायच्या, पेला डब्यात टाकायच्या आणि पुन्हा त्याच लयीत पळू लागायच्या. टोपीचे बोलणे आता बंद झाले होते. चेहरा उतरला होता, एक खांदा झुकला होता. पाय मात्र घरच्या शिवणयंत्रासारखे एका तालात पडत होते. सायकलवर त्यांना मागे टाकून गेलेला एक दांडगा तरुण पुलाच्या अलीकडे, जवळजवळ काकूंच्या गेल्या वर्षीच्याच जागी, कडेला बसला होता आणि स्वयंसेवक त्याच्या पायाला बर्फ लावत होते.

“ही शेवटची फेरी,” जावई म्हणाला. “वेळ आहे हातात. पण गेल्या वर्षी इथेच ना?”

“इथेच.”

रस्त्यावरचे दिवे लागले होते. लांबच्या दिव्याखाली काकू दिसल्या, मग दोन दिव्यांमधल्या अंधारात गेल्या, मग पुन्हा दिसल्या. त्या बसलेल्या तरुणाजवळून जाताना त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि त्यांचा वेग तुटला. मास्तरांचा पाय कडेवर गच्च दाबला गेला. हात आपोआप बाजूला उठू लागला. जपून, अगं जपून, उरलेलं चालत ये, मिळेल तेवढं पुष्कळ झालं, असे सगळे त्या हातात भरले होते.

तो हात मास्तरांनी अर्ध्यावर थांबवला. खाली घेतला. मग ते फुटपाथच्या कडेवर बसले, उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट ओढून काढला आणि दिव्याच्या उजेडात, दिसेल असा, बाजूला ठेवला. दोन्ही हात मांडीवर घेतले.

“बाबा, पायात गोळा आला का?” जावई घाबरून खाली वाकला.

“सरक. तिला दिसू दे.”

काकू पुलाशी आल्या. खुणेसाठी त्यांनी मास्तरांचा हात शोधला, हात सापडला नाही. नजर खाली उतरली आणि बुटावर थांबली. क्षणभर त्या जागच्या जागी पाय हलवत राहिल्या. झुकलेला खांदा तेवढा सरळ झाला, आणि पुलाचा चढ त्या चढू लागल्या, आधी सकाळपासूनच्याच लयीत, मग अर्ध्या पुलावर त्याहून वेगात. पलीकडच्या उतारावर त्यांनी पुढच्या दोघांना मागे टाकलेले मास्तरांनी बसल्या जागेवरून पाहिले. पायाखाली थंडगार फरशी होती आणि तिच्यावर पाय हलका पडला होता.

कमानीपाशी पोहोचायला मास्तरांनाच उशीर झाला. एका बुटावर लंगडी घातल्यासारखे ते गर्दीतून पुढे घुसले, दुसरा बूट काखेत, जावई मागून “सांभाळून, सांभाळून” करत. कठड्याला टेकले तोवर काकू दिव्यांच्या झोतात शिरल्या होत्या. हात वर करायचेही त्यांच्या लक्षात नव्हते. भाजी घेऊन घरी यावे तशा त्या कमानीखालून आत आल्या, आणि मग थांबल्या.

सकाळपासून घोकलेले वाक्य मास्तरांच्या तोंडातून निघेना. शेजारी कोण उभे आहे हेही न बघता त्यांनी त्याचा दंड धरला.

“बायको माझी,” ते म्हणाले. “ती. ती बायको माझी.”

थोड्या वेळाने काकू चंदेरी कागदासारखी चादर पांघरून कठड्याबाहेर आल्या. गळ्यात पदक होते, हातात गरम पाण्याचा पेला. जावयाने पुढे होऊन त्यांना खुर्ची दिली आणि आपण रडलो नाही हे दाखवायला तो फोनवर घरी कळवू लागला. काकू सावकाश बसल्या. मास्तर समोर उभे होते. काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“मोजा फाटलाय,” त्या म्हणाल्या.

“असू दे.”

“बूट कुठाय?”

“गाडीत. मागच्या सीटवर ठेवून आलो.”

काकूंनी पाण्याचा घोट घेतला. पेला दोन्ही हातांत धरून त्या जरा वेळ कमानीकडे बघत राहिल्या. तिथून अजून एकेक जण येत होता.

“उद्या नको. उद्या पाय उचलणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “परवा पहाटे उठवा मला. रस्ते मोकळे असतात तेव्हा.”

“आई, परवा लगेच पुन्हा पळणार?” जावयाने फोन बाजूला घेत विचारले.

काकू मास्तरांकडेच बघत होत्या. मास्तरांनी खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

“उठवतो,” ते म्हणाले.