पहिल्या पानावरचा फोटो

दवाखान्यांच्या वेबसाइट बनवणाऱ्या त्या ऑफिसात ताई तपासनीस होती. तिला दिसत नसे. पडद्यावरचं सगळं कॉम्प्युटर तिला कानात वाचून दाखवायचा. कुणी बटणाला किंवा चित्राला नाव दिलं नसेल, तर तो नुसतं ‘बटण’ नाहीतर ‘चित्र’ म्हणून पुढे पळायचा. आंधळ्या पेशंटने नंबर लावायचा तरी कसा, असं विचारून विचारून ताईच्या घशाला कोरड पडली, तेव्हा कुठे एकेक बटण बोलायला लागलं. मग नवे साहेब आले. त्यांनी ऑफिसच्या स्वतःच्या वेबसाइटसकट सगळ्यांचं रूपडंच बदललं, बटणं पुन्हा मुकी झाली आणि ताईची सगळी मेहनत पाण्यात गेली.

ती तणतणत त्यांच्या केबिनमध्ये गेली.

“रागावू नका, ताई,” साहेब म्हणाले. “तुमची कदर आहे आम्हाला. आपल्या ऑफिसच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर तुमचा मोठा फोटो लावलाय. बघा तरी.”

ताईने तिथेच लॅपटॉप उघडून कानाला हेडफोन लावला.

“बटण. बटण. चित्र. बटण.”

“सापडला का?” साहेबांनी कौतुकाने विचारलं.

“सापडला,” ताई म्हणाली. “बटणांच्या मध्ये कुणीतरी आहे. मीच असेन.”

साहेबांना बरं वाटलं.